सॉल्व्हंट प्लांटमध्ये मेकॅनिकल इंटेग्रिटी उभी करताना : माझा अनुभव

खानदेशातले सरकीचे सॉल्व्हंट प्लांट, म्हणजे सरकीतलं तेल हेक्झेन या द्रावकात विरघळवून काढणारे कारखाने, कापसाच्या तालावर चालतात. कापूस बाजारात आला की चालू, पावसाळ्यात बंद. भांडी, पाइप, टाक्या, सेफ्टी व्हॉल्व्ह फुटण्याआधी त्यांची तब्येत ओळखायचं काम, म्हणजेच मेकॅनिकल इंटेग्रिटी, मग पावसाळी शटडाऊनवर ढकललं जातं. आमच्याकडेही तेच झालं. पण शटडाऊनमध्ये होतं ते निम्मंच. लाइनची थरथर, पंपाच्या सीलमधून येणारा वास, गरम झाल्यावर पाइप सपोर्टवरून उचलला जातो का, हे चालू प्लांटमध्येच दिसतं.

सुरुवात जाडी मोजण्यापासून करू नये, यादीपासून करावी. आमच्याकडे तीन याद्या होत्या: अकाउंट्सची, स्टोअरची आणि प्रेशर व्हेसल तपासणीच्या रजिस्टरची. तिन्ही एकमेकींशी जुळेनात. शेवटी हातात ड्रॉइंग आणि खडू घेऊन एकेक लाइन चाललो. ड्रॉइंगवर नसलेलं बरंच सापडलं: ‘तात्पुरता’ म्हणून टाकलेला बायपास, एका टोकाला ब्लाइंड (पाइप बंद करणारी चकती) मारून सोडून दिलेला पाइप. अशा मुक्या फाट्यांत पाणी साचतं आणि पाइप आतून गंजतो. ते यादीत सगळ्यात वर हवेत. आमचा फिटर तिथं पाना वाजवून म्हणायचा, “पानी आठेच साचस, साहेब.” त्याचं म्हणणं आम्ही पुढं नकाशावर टिपायला लागलो.

नेमप्लेटवर रंगाचे थर असतील तर वायर ब्रशनंच काढा. ग्राइंडर लावला की अक्षरंही जातात. नेमप्लेट नाही, कागद नाही, अशा भांड्याला धातू सगळ्यात कमी ताकदीचा धरायचा आणि आजची जाडी पायाभूत म्हणून लिहायची.

इथं एक गैरसमज हमखास असतो. कारखाना नियमांनुसार प्रेशर व्हेसलची बाहेरून दर ६ महिन्यांनी, आतून दर १२ महिन्यांनी तपासणी आणि दर ४ वर्षांनी हायड्रॉलिक टेस्ट होते, सक्षम व्यक्तीचा दाखला मिळतो, म्हणजे झालं. बॉयलरचा दाखला वेगळा. पण हायड्रॉलिक टेस्ट भांडं आज टिकलं एवढंच सांगते. किती वर्षं टिकेल हे नाही. शिवाय त्या रजिस्टरात भांडी असतात, पाइप नसतात. आणि हेक्झेन सुटतं ते बहुतेक वेळा पाइप, गॅस्केट आणि पंपाच्या सीलमधून. त्याचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून वाफ ठिणगीनं पेटू शकते तो, शून्याखाली वीसेक अंश. हवेत साधारण १.१ टक्का झालं की पेट घेऊ शकतं. वाफ हवेच्या तिप्पट जड, त्यामुळे गटारात आणि केबलच्या खंदकात उतरून बसते.

आता जाडी. चार इंची, शेड्यूल ४० (जाडीचा एक प्रमाणित दर्जा) पाइपची भिंत मूळची ६.०२ मिमी. त्यात १० बार दाब असेल तर निव्वळ दाबाच्या हिशेबानं लागणारी जाडी अर्धा मिमीसुद्धा येत नाही. हा आकडा पाहून मॅनेजर खूश होतात. पण एवढ्या पातळ पाइपला स्वतःचं वजन, व्हॉल्व्ह आणि चुकून त्यावर चढलेला माणूस पेलत नाही. म्हणून पाइपला किमान बांधणीची जाडी वेगळी धरावी लागते. चार इंचीला आम्ही २.३ मिमी धरली. चार वर्षांपूर्वी ६.० होती, आज ५.२ भरली, तर झीज वर्षाला ०.२ मिमी. उरले २.९, म्हणजे साडेचौदा वर्षं. पुढची मोजणी त्याच्या निम्म्या आयुष्याच्या आत करायची, पण पाइपच्या वर्गाप्रमाणे (गळती किती धोक्याची यावरून) जी पाच किंवा दहा वर्षांची मर्यादा असते तिच्यापलीकडे नाही. अलीकडची झीज आणि सुरुवातीपासूनची झीज वेगळी निघाली तर जास्तीची धरायची.

हा हिशेब दरवेळी त्याच जागी मोजलं तरच खरा. पहिल्या वर्षी आमचे काही पॉइंट ‘एल्बोजवळ’ असे लिहिले होते. पुढच्या वेळी मोजणाऱ्यानं एल्बोच्या आतल्या बाजूला अल्ट्रासोनिक गेजचा प्रोब ठेवला आणि पाइप जाड होत चाललेला दिसला! त्यानंतर प्रत्येक पॉइंटला रंगानं गोल, पंचने नंबर असलेली छोटी पट्टी आणि आयसोमेट्रिकवर (लाइनच्या त्रिमितीय ड्रॉइंगवर) खूण. एल्बोला बाहेरची बाजू, रिड्यूसरनंतर, पंपाच्या डिस्चार्जला, आणि आडव्या लाइनला तळ.

गेज फसवतो तेही सांगतो. रंगावरून साध्या पद्धतीनं मोजलं तर ०.२ मिमी रंग जवळपास अर्धा मिमी पोलाद म्हणून वाचला जातो. एको-टू-एको मोडवर (यात रंगाची जाडी वगळली जाते) घ्या किंवा रंग खरवडा. गरम लाइनवर दर ५५ अंशांना सुमारे १ टक्का जास्त दिसतं. १५० अंशांच्या स्टीम लाइनवर थंड लाइनशी तुलना केली तर ०.१ मिमी फरक, म्हणजे अर्ध्या वर्षाची झीज गायब. एप्रिल-मेच्या उन्हात प्रोबखाली लावायचं जेल मिनिटात सुकतं, म्हणून सकाळी नऊच्या आत उरकावं.

इन्सुलेशनखालचा गंज सगळ्यात फसवा. साध्या पोलादाला सुमारे ७५ ते ११० अंशांचा पट्टा वाईट: गरम म्हणून वेगानं खातो, पण पाणी उडून जाण्याइतका गरम नाही. आमची बरीच मिसेला (हेक्झेन आणि तेलाचं मिश्रण) लाइन आणि कंडेन्सेट लाइन त्याच पट्ट्यात. इन्सुलेशनवरच्या अॅल्युमिनियम क्लॅडिंगचा सांधा वर उघडा असला की पहिल्याच पावसात ग्लासवूल भिजतं. सांधा बाजूला, पाणी ओघळेल असा खाली झुकता घ्यावा. मोजणीसाठी क्लॅडिंगमध्ये ठेवलेला इन्स्पेक्शन प्लग काढून झाकण परत न लावणं ही रोजची चूक.

सेफ्टी व्हॉल्व्हबद्दल थोडक्यात: बेंचवर पॉप टेस्ट (ठरलेल्या दाबाला उघडतो का ते), सेट प्रेशरची पट्टी, सील. त्याच्याखाली आयसोलेशन व्हॉल्व्ह असेल तर उघडा ठेवून कुलूप, आणि किल्ली शिफ्ट इंचार्जकडे.

खरी अडचण मोजल्यानंतर सुरू होते. ‘२.६ मिमी’ असा आकडा आला, सीझन मध्यावर आहे, पुढं काय? आमच्याकडे सुरुवातीला असे कागद फाइलमध्येच राहायचे. मग नियम केला: किमान जाडीच्या खाली गेलं की लाइन बंद. थोडं वर असेल तर चालू ठेवायची मुभा, पण कारण, मोजणीची वाढवलेली वारंवारता, शेवटची तारीख आणि सही मॅनेजरची, फिटरची नव्हे. गळतीवर तात्पुरता क्लॅम्प मारला तर त्यावर टॅग आणि काढायची तारीख. हेक्झेनच्या लाइनवर वेल्डिंग करायचं तर लाइन रिकामी करून, स्टीमनं धुऊन, ब्लाइंड टाकून आणि गॅस मीटरवर शून्य दाखवूनच; बंद व्हॉल्व्हवर कधीही विसंबायचं नाही.

आता पावसाळ्यात शटडाऊनची पहिली बैठक क्लॅम्पच्या यादीनं सुरू होते. तारीख उलटलेला एखादा अजूनही सापडतोच, आणि तो लावणारा माणूस खाली मान घालून बसलेला असतो.