ब्रेकडाउन रजिस्टरात न सापडलेली 84 मिनिटे

कारखान्याच्या देखभाल विभागात काम करताना मला बरीच वर्षे असे वाटत असे की, यंत्र बंद पडले नाही म्हणजे आपले काम चोख झाले. हा समज मोडला तो एका पाळीच्या साध्या हिशेबाने. 480 मिनिटांच्या पाळीत आमचे सीएनसी लेथ (संगणकाच्या आज्ञेवर चालणारे कातकामाचे यंत्र) 60 मिनिटे बंद होते, म्हणजे उपलब्धता 87.5 टक्के, नगाला एक मिनिट या दराने उरलेल्या वेळेत 420 नग निघायला हवे होते, प्रत्यक्षात निघाले 336, आणि त्यांतलेही 12 नाकारले गेले. उपलब्धता, वेग आणि गुणवत्ता या तिन्ही गुणोत्तरांचा गुणाकार केल्यावर ‘ओईई’ (ओव्हरऑल इक्विपमेंट इफेक्टिव्हनेस, म्हणजे यंत्राची एकूण परिणामकारकता) भरली 67.5 टक्के. बंद राहण्यापेक्षा मंद चालण्यानेच अधिक नुकसान केले होते, आणि कमी निघालेल्या 84 नगांच्या त्या 84 मिनिटांची नोंद आमच्या ब्रेकडाउन रजिस्टरात कुठेच नव्हती.

यंत्र मंद चालण्याचे कारण ऑपरेटरला ठाऊक होते. चकच्या, म्हणजे जॉब (घडवायचा तुकडा) पकडून फिरवणाऱ्या भागाच्या, जबड्यांत धातूचा कीस अडकून जॉब थरथरत असल्यामुळे त्याने फीडचे, म्हणजे हत्यार सरकण्याच्या वेगाचे, बटण 80 टक्क्यांवर आणून ठेवले होते. त्याला कोणी विचारलेच नव्हते, आणि त्या न विचारणाऱ्यांत मीही होतो.

ओईईचे हे मोजमाप रूढ करणाऱ्या जपानच्या सेइची नाकाजिमा यांच्या टीपीएम (टोटल प्रॉडक्टिव्ह मेंटेनन्स) या देखभाल पद्धतीत सफाई, वंगण आणि तपासणी ऑपरेटरकडेच सोपवलेली असते. आमच्याकडे आता पाळी सुरू होताना दहा मिनिटे चक साफ करण्यासाठी राखून ठेवली आहेत, आणि नियोजन विभाग त्यांवर अजूनही कुरकुरतो.