दहा वेळा सुया आणि सहा महिन्यांचा पुरावा

कंबर धरली ती नोव्हेंबरात आणि विम्याच्या पैशांतून ॲक्युपंक्चरची पहिली सुई टोचली गेली ती जूनमध्ये. यातले दोन महिने मी दवाखान्याच्या एका काउंटरपुढे उभी राहून घालवले आहेत. तो राग अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहितेय.

मी जर्मनीत स्टुटगार्टला राहते, मूळची सोलापूरची. ॲक्युपंक्चर करून घेतेय म्हटल्यावर आई फोनवर म्हणाली, "अगं, मग कोटणीसांच्या गावची आहेस म्हणून सांग की डॉक्टरला!" डॉ. कोटणीस १९३८ साली भारताच्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले ते सर्जन म्हणून. त्यांनी सुऱ्या चालवल्या, सुया नव्हेत. सुया भारतात आणल्या त्या त्याच पाच जणांच्या पथकातल्या डॉ. बसूंनी, पुढे वीस वर्षांनी पुन्हा चीनला जाऊन, शिकून. हे ऐकवल्यावर आई म्हणाली, "पथक एकच ना?" झालं.

आधी माझा गाढवपणा. फेब्रुवारीत घराजवळची चिनी उपचारांची पाटी बघून मी थेट आत शिरले. तिथले गृहस्थ हाइलप्राक्टिकर होते, म्हणजे परवानाधारक, पण डॉक्टर नव्हेत. अशांचे पैसे इथला सरकारी आरोग्यविमा, ज्याला सगळे नुसतं 'कासं' म्हणतात, देत नाही. सुयांबरोबर त्यांनी पाठीला काचेचे पेलेही लावले. आपल्याकडे यालाच तुंबडी लावणं म्हणतात. पाच वेळा तुंबडी माझ्या पाठीला लागली आणि भरली त्यांची. पाठीवर जांभळे गोल आठवडाभर राहिले, दुखणं होतं तिथेच. एक मात्र आवडलं. ते सुईच्या टोकाशी मोक्सा जाळायचे. ती वनस्पती आपल्या दवण्याच्याच कुळातली. जर्मनीतल्या त्या खोलीत डोळे मिटले की चैत्रातला जोतिबा.

मग ऑफिसमधल्या एकीने सांगितलं की २००७ पासून कासं ॲक्युपंक्चरचे पैसे देते, पण दोनच दुखण्यांना: जुनाट कंबरदुखी आणि गुडघ्याची झीज. मायग्रेनला नाही. दुखणं किमान सहा महिन्यांचं हवं आणि सुया टोचणारा कासंचा मान्यताप्राप्त डॉक्टर हवा, ॲक्युपंक्चरची जादा पात्रता असलेला. कंबरेची कळ गुडघ्याच्या खाली उतरत असेल तर तेही बसत नाही. माझी मांडीपर्यंतच थांबायची. इतका आनंद मला त्या दुखण्याने कधी दिला नव्हता.

एप्रिलमध्ये अशा एक डॉक्टरबाई सापडल्या. डॉक्टरांपर्यंत पोचायच्या आधी काउंटर. काउंटरवरच्या बाईंनी माझे कागद पाहिले आणि शांतपणे म्हणाल्या, "तुमची कंबरदुखी मार्चपासून आहे. सप्टेंबरात या."

मार्चपासून? मार्चमध्ये मी माझ्या इथल्या फॅमिली डॉक्टरांकडे कंबरेची रीतसर तक्रार केली, इतकंच. डिसेंबर-जानेवारी मी सोलापुरात होते आणि रोज फिजिओथेरपीला जात होते. त्याचा कागद मी पुढे केला. बाईंनी तो सरळ धरला, आडवा धरला. डॉक्टरी अक्षरात 'एल बी ए' असं काहीतरी आणि खाली शिक्का. खरं सांगायचं तर मलाही त्यातला शिक्काच वाचता येत होता. "हे चालणार नाही."

कासंला फोन केला. ते म्हणाले, दुखणं किती जुनं हे डॉक्टर ठरवतात, त्यांना विचारा. दवाखान्यात फोन केला तर, कासंला विचारा. दवाखान्याचा फोन सकाळी ८ ते १० उचलतात आणि त्याच वेळात आमची रोजची मीटिंग. कॅमेरा बंद करून, म्यूटवर टाकून, एका कानाला मॅनेजर आणि दुसऱ्या कानाला दवाखान्याचं संगीत, असे कितीतरी दिवस काढले. एकदा म्यूट करायला विसरले आणि सगळ्या टीमला माझी कंबर समजली. प्रत्यक्ष तीनदा गेले. तिसऱ्यांदा बाई म्हणाल्या, "तुम्हाला दुखतंय यावर माझा विश्वास आहे." त्या वाक्यावर मी रडायचीच बाकी होते. पण विश्वास फाइलला लावता येत नाही.

सुटका झाली ती वाणसामानाच्या यादीने. नोव्हेंबरात कंबर धरली तेव्हा मी तीन दिवस सुट्टी घेतली होती, तेव्हा माझे डॉक्टर रजेवर असल्याने एका बदली डॉक्टरांनी आजारपणाचा कागद दिला होता. हे मी साफ विसरले होते. ऑफिसला कळतं त्यात आजाराचं नाव नसतं, पण रुग्णाच्या प्रतीवर निदानाचा कोड असतो. ड्रॉवर उपसताना 'पोहे २, हिंग, गोडा मसाला, साबुदाणा बघणे' असा कागद हाती आला. उलटून पाहिलं तर नोव्हेंबरची तारीख आणि 'एम ५४.५', म्हणजे कंबरदुखी! बाईंनी कोडावर बोट ठेवलं, मान हलवली आणि कागदाच्या दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढली. माझ्या फाइलमध्ये आजही साबुदाणा आहे.

तेव्हा इथे राहत असाल तर आजारपणाची तुमची प्रत फेकू नका. आणि दुखायला लागलं की त्याच आठवड्यात डॉक्टरांच्या नोंदीत ते येऊ द्या, "बघू, जाईल" म्हणू नका.

पुढचं सोपं होतं, एक सोडून. कासं देते १० वेळा, पण सहा आठवड्यांच्या आत. काउंटरने मला सरळ आठवड्याला एक अशा तारखा दिल्या होत्या. बोटं मोजून परत गेले. पहिली सुई लागण्याआधी दहाच्या दहा तारखा हातात घ्या.

सुयांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. अर्धा तास पालथं पडायचं, १४ ते २० सुया, केसासारख्या बारीक. टोचताना डास चावल्याएवढं कळतं. मग डॉक्टर सुई जरा फिरवतात आणि आत खोलवर जड, बधिर असं काहीतरी होतं. ते झालं की त्या खूश. गुडघ्यामागच्या सुईला ते सगळ्यात जास्त व्हायचं.

फरक पडला का? पडला. दहापैकी सातवर असलेलं दुखणं तीनवर आलं. नवऱ्याने मात्र जर्मनीतलाच अभ्यास शोधून काढला, ११६२ कंबरदुखीवाल्यांचा. सहा महिन्यांनी खऱ्या बिंदूंवर सुया घेतलेल्यांपैकी ४७.६ टक्क्यांना गुण, भलत्याच जागी वरवर टोचलेल्यांपैकी ४४.२ टक्क्यांना, आणि औषधं-व्यायाम अशा नेहमीच्या उपचारांत २७.४. "म्हणजे कुठेही टोचलं तरी चालतं," असं तो म्हणतो. मी म्हणते, नेहमीच्या उपचारांपेक्षा तर बरं ना! हा वाद आमच्याकडे अजून चालू आहे.

हो, एक राहिलंच. रिकाम्या पोटी जाऊ नका. दुसऱ्या वेळी मी नुसत्या चहावर गेले आणि उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली. आणि पँट सैल घाला, गुडघ्याच्या वर जाईल अशी. जीन्स घालून गेले होते त्या दिवशी काय झालं ते इथे लिहीत नाही.