संत्रागोळीत संत्रा कुठी हाये?

वरूड तालुक्यातल्या आमच्या जिल्हा परिषद शाळेभोवती संत्र्याच्या बागा आहेत. अंबिया बहाराच्या संत्र्यांची तोड लागली की निम्म्या लेकरांचे आईवडील बागेत, नाहीतर मंडीत. तरी माझ्या तिसरीच्या वर्गात वाढदिवसाला येते ती संत्रागोळी.

ती सकाळीच वाटली जाते आणि दुपारी खिचडी ताटात तशीच राहते. पोषण आहारातून प्राथमिकच्या मुलाला रोज 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं मिळावीत, असा निकष आहे. पण पोटात जाईल तेव्हा ना! शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत जास्त साखर-मीठ-तेलाचे पदार्थ विकायला 2020 च्या नियमांनी मनाई आहे. वाढदिवसाचा खाऊ मात्र कोणी विकत नाही, तो मायेनं येतो. त्याला नुसता नियम दाखवणं मला कधीच पटलं नाही.

त्या दिवशी एक आई तोडीला जाता जाता लेकीला घेऊन दारात उभी राहिली. पोरीनं गोळ्यांचं पाकीट छातीशी धरलेलं.

"वाटू द्या न मॅडम. मांगच्या साली काईच नाई देता आलं तिले."

"वाटू या की, पण जेवण झाल्यावर," मी म्हटलं. मग पाकीट मागून घेतलं आणि त्यावरची बारीक अक्षरं मराठीत फळ्यावर उतरवली : साखर, ग्लुकोजचा पाक, आम्ल, रंग, संत्र्याचा वास. मुलं एकेक शब्द जोरात वाचत गेली. यादी संपली तसा मागच्या रांगेतला एक जण उठला.

"मॅडम, याच्यात संत्रा कुठी हाये?"

सगळा वर्ग फळ्यावर संत्रा शोधायला लागला. आई अजून दारातच होती. "मंग चुरी आनू का? बागवाल्याले मांगून आनतो," ती म्हणाली.

चुरी म्हणजे बारीक फळ. त्याला भाव येत नाही, पण गोडीला ते कमी नसतं. जेवणाच्या सुट्टीत ती पिशवीभर घेऊन आली. आधी खिचडी झाली, मग वाढदिवसाच्या पोरीनं स्वतः प्रत्येकाच्या हातावर एक फळ ठेवलं. साल सोलताना एकाच्या डोळ्यात रस उडाला, तो डोळे चोळत हसत होता. एरवी अर्धं ताट टाकणाऱ्या एका मुलानं त्या दिवशी सगळी खिचडी संपवली आणि वर दोन चुऱ्या खाल्ल्या. शेवटी एकेक गोळीही वाटली. ती काढून घेतली असती तर त्या पोरीचा दिवस मोडला असता.

पुढच्या शाळा व्यवस्थापन समितीत आम्ही ठरवलं : वाढदिवसाचा खाऊ जेवणानंतरच, आणि शक्यतो घरचा किंवा शेतातला. फुटाणे, गूळ-शेंगदाणे, बोरं, चुरी, जे जमेल ते. ज्याच्याकडे काहीच नसेल त्याच्यासाठी वर्गात फुटाण्यांचा डबा ठेवलाय. 26 जानेवारीचं चॉकलेट तसंच ठेवलं, त्यावर कोणाचीच हरकत नव्हती. ज्यांना जास्त करायचंय त्यांच्यासाठी तिथीभोजनाची, म्हणजे खास दिवशी शाळेतल्या मुलांना जेवण देण्याची, सोय आहेच. परवा एका आजोबांनी नातवाच्या वाढदिवसाला सगळ्या शाळेला मटकीची उसळ दिली.