गजावरच्या दोन खुणा

ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी भरून गजाने ठासायच्या, बंदुकीच्या सरावाची ही नोंद चार महिन्यांच्या खंडानंतर लिहीत आहे. जूनपासून चतुर्थीपर्यंत आमचा सराव दर वर्षी बंदच असतो, कारण गोव्यातील सत्तरी तालुक्याच्या पावसात बंदुकीची दारू एक वेळ कोरडी ठेवता येते, पण बार काढल्यानंतरची नळी कोरडी ठेवता येत नाही. या वर्षी मात्र पाऊस ओसरल्यावरही बंदूक हातात घ्यायला मन होत नव्हते. आम्हा सात-आठ जणांना ज्यांनी हा नाद लावला आणि तो जबाबदारीने कसा करावा हे शिकवले, ते आमचे भाऊ श्रावणात गेले. त्यामुळे खाली माझ्या प्रगतीचे जे काही आकडे दिले आहेत, त्यांच्यात भाऊंची आठवण मिसळलेली आहे आणि ती वेगळी काढावी असे मला वाटत नाही.

भाऊ डिचोली तालुक्यातील एका लोहखनिजाच्या खाणीवर, वर्कशॉपमध्ये फिटर होते. शिक्षण गोवामुक्तीपूर्वीच्या मराठी शाळेत चौथीपर्यंत झालेले आणि पुढची सगळी हयात लेथवर आटे पाडण्यात गेलेली. माझी त्यांची ओळख झाली ती माझ्या आजोबांच्या बंदुकीमुळे. कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, रानडुकरे आणि माकडे येत म्हणून आजोबांनी पिकाच्या राखणीसाठी घेतलेली ती केपाची, म्हणजे आघाताने पेटणाऱ्या छोट्या टोपीने बार उडवणारी, एकनळी. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या तेराव्या कलमात पिकाच्या राखणीसाठी लागणाऱ्या ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे, हे मला भाऊंनीच प्रथम सांगितले. आजोबा गेल्यावर बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली होती, आणि वारसाने परवान्यासाठी अर्ज कसा करावा, त्यासोबत कोणते कागद जोडावेत, सरावाचा हेतू अर्जात कसा स्पष्ट लिहावा, हे शिकवायला ते स्वतःच्या खर्चाने तीन वेळा माझ्याबरोबर पणजीला आले. त्या वेळी आमची ओळख जेमतेम दोन आठवड्यांची होती.

त्यांच्या मोठ्या मनाची आणखी एक गोष्ट इथल्या परवानाधारकांना लगेच पटेल. निवडणुकीची आचारसंहिता लागली की बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात आणि मतमोजणी होईपर्यंत त्या तिथेच राहतात. बंदूक तशीच नेऊन ठेवली, तर परत येते तेव्हा नळीच्या तोंडाशी तांबूस पूड हाताला लागते. म्हणून निवडणूक जाहीर झाली की भाऊ स्कूटरवर तेलाची बाटली, चिंध्या आणि पितळी खरवडणी घेऊन घरोघर फिरत. ज्यांना आमच्या छंदाशी काही देणेघेणे नव्हते, ज्यांच्यासाठी बंदूक म्हणजे फक्त गव्याला हुसकावण्याचे साधन होते, त्यांच्याही नळ्या ते गरम पाण्याने धुऊन, वाळवून, तेल लावून देत. कुणी पैसे पुढे केले तर त्यांचा चेहरा खरोखर पडत असे. सुपारी मात्र ते आनंदाने घेत.

आता या हंगामातील कामाकडे वळतो. माझ्या नळीचा आतला व्यास 16.8 मिलिमीटर आहे, म्हणजे ज्याला 16 बोअर म्हणतात तो. गेल्या हंगामात मी छऱ्यांऐवजी चिंधीत गुंडाळलेली एकच गोल गोळी वापरायला सुरुवात केली. गोळी 16 मिलिमीटरची, साधारण 24 ग्रॅम वजनाची. आणि उरलेली फट भरून काढायला 0.4 मिलिमीटर जाडीचे कापड. हे कापड म्हणजे साधा मांजरपाट, चार वेळा धुऊन खळ काढलेला. त्यात कृत्रिम धागा मिसळलेला असता कामा नये, कारण तो वितळून नळीला चिकटतो. दारूचे माप इथे मुद्दामच देत नाही. भाऊंचा दंडक होता की एका नळीचे माप दुसऱ्या नळीला कधीही उसने देऊ नये, आणि बिनधुराची आधुनिक दारू तर ठासणीच्या बंदुकीच्या जवळपासही आणू नये, कारण तिचा दाब या नळ्यांना सोसणारा नसतो.

चिंधीला काय लावावे, यावर मी पूर्वी बराच वेळ वाया घालवला. यंत्राचे खनिज तेल लावले की चार-पाच बारांत नळीत डांबरासारखा काळा थर जमतो आणि पुढची गोळी अर्ध्यावर अडते. भाऊंनी यावर काढलेला उपाय आपल्याच घरातला होता: मधमाश्यांचे मेण आणि भिरंडेल. पावसाळ्यात भेगाळलेल्या टाचांना आपण लावतो तेच, कोकमाच्या बियांचे घट्ट तूप. ते शरीराच्या उष्णतेच्या आसपास विरघळते, त्यामुळे डबीत घट्ट राहते आणि बोटांनी चोळताच चिंधीत मुरते. मे महिन्यात मेण थोडे वाढवायचे, डिसेंबरात भिरंडेल. या मिश्रणाचा शोध स्वतःच्या नावाने सांगावा असे त्यांना कधी वाटले नाही. जो विचारी त्याला ते प्रमाण लिहून देत आणि वर एक डबीही देत.

काळी दारू जळते तेव्हा तिच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक भाग घन स्वरूपात मागे राहतो. त्याचा काही अंश पांढऱ्या धुराबरोबर बाहेर जातो आणि उरलेला नळीला चिकटून बसतो. हा थर हवेतील ओलावा ओढून घेतो. म्हणूनच तो पाण्याने सहज निघतो, आणि म्हणूनच तो तसाच राहिला तर एका रात्रीत गंज धरतो. एवढे सगळ्यांनाच ठाऊक असते. भाऊंच्या वहीत त्याच्या पुढचे निरीक्षण होते. ऑक्टोबरच्या दमट सकाळी हा थर मऊ राहतो आणि पुढची चिंधी त्याला आपोआप खाली ढकलते. जानेवारीत वारा कोरडा असला की तोच थर खरपुडीसारखा कडक होतो आणि गोळ्या उजवीकडे-डावीकडे भरकटू लागतात. नेमबाज तेव्हा स्वतःच्या हाताला दोष देत बसतो. मी दोन हंगाम तेच करत होतो. आता मी प्रत्येक बारानंतर एक ओलसर आणि एक कोरडी चिंधी फिरवतो, हवा कशीही असो.

परिणाम असा आहे. ठासणीच्या बंदुकांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांमधील नियमाप्रमाणे आम्ही 30 मिनिटांत 13 बार काढतो आणि त्यांतील सर्वोत्तम 10 धरतो. 50 मीटरवर उभ्याने, गुळगुळीत नळीतून, गेल्या फेब्रुवारीत माझ्या 13 पैकी 6 गोळ्या कागदावर होत्या. या महिन्यातील दोन्ही सरावांत त्या 10 आणि 11 आल्या. कागदावर पोहोचलेल्या गोळ्या अजून मधल्या काळ्या वर्तुळापेक्षा खाली आणि किंचित डावीकडे जात आहेत. पुढच्या वेळी मी फक्त माशीकडे, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेम धरायच्या खुणेकडे, पाहण्याची पद्धत बदलणार आहे, कापड आणि माप आहे तसेच ठेवणार आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर सुधारणा कशाने झाली हे कळत नाही, हे वाक्य भाऊ इतक्या वेळा म्हणत की आता ते मला माझेच वाटू लागले आहे.

पहिल्या सरावात एक बार फुकट गेला, तोही सांगतो. चार महिने बंदूक बुडावर उभी ठेवली होती. नळीतले तेल ओघळून बुडाशी जमले आणि केप जिच्यावर बसते त्या पोकळ बोंडीच्या छिद्रात उतरले. केप वाजली, पण बार झाला नाही. अशा वेळी नळी निशाणाच्याच दिशेला धरून स्तब्ध उभे राहायचे, कारण उशिरा पेटलेली दारू माणसाला सवड देत नाही. मी मनात दोनशेपर्यंत मोजले आणि मगच पुढचे काम केले. हंगामाच्या सुरुवातीला रिकाम्या बंदुकीवर दोन-तीन केपा वाजवून छिद्र मोकळे करून घ्यावे, आणि साठवताना नळीचे तोंड खाली ठेवावे, हे त्यांनी सांगितले होते. मी विसरलो.

आमच्या गोव्याच्या मातीतील बंदुकांबद्दल बोलू लागले की भाऊंचा आवाज बदलत असे. 1510 मध्ये पोर्तुगिजांनी गोवा घेतला तेव्हा इथे बंदुका घडवणारे कारागीर आधीपासून होते, आणि 1513 साली आफोंसो द आल्बुकेर्कने पोर्तुगालच्या राजाला कळवले की हे लोक बोहेमियातील कारागिरांच्या तोडीच्या बंदुका करतात आणि त्यांच्या बुडाला आट्यांचा बूच बसवतात. पुढे गोव्यात जी तोड्याची, म्हणजे जळत्या वातीने पेटवायची, बंदूक तयार झाली, तिच्यात चाप दाबताच जळता तोडा कमानीच्या जोराने रंजकावर, म्हणजे बार पेटवणाऱ्या चिमूटभर दारूवर, झटकन पडत असे. आपल्याकडील इतर तोड्याच्या बंदुकांत तो चापाबरोबर हळूहळू खाली येई. 1543 मध्ये पोर्तुगिजांनी जपानच्या तानेगाशिमा बेटावर ज्या बंदुका नेल्या, त्या याच घडणीच्या असाव्यात असे अनेक अभ्यासक मानतात. तिथल्या अधिपतीने दोन बंदुका विकत घेऊन तशाच घडवायला आपल्या लोहारांना सांगितले, तेव्हा नळी जमली, पण बूड आट्यांनी बंद करणे काही जमेना. पुढच्या वर्षी आलेल्या परक्या जहाजावरील एका लोहाराकडून ती विद्या शिकावी लागली, असे 1606 सालच्या एका जपानी वृत्तांतात लिहिले आहे.

चाळीस वर्षे आटे पाडलेल्या माणसाला या गोष्टीचे काय वाटत असेल, याची कल्पना करावी. भाऊ ती सांगताना हातातला बोल्ट फिरवून दाखवत आणि म्हणत, की नळी पत्रा गुंडाळून कुणीही लोहार करील, पण आतले आटे पाडायला डोके लागते. जगातील ठासणीच्या स्पर्धांमध्ये तोड्याच्या बंदुकीने उभ्याने खेळायच्या प्रकाराला आजही तानेगाशिमा असे नाव आहे. ज्यांनी ती बंदूक घडवली असेल त्या गोव्याच्या लोहारांपैकी एकाचेही नाव आपल्याला ठाऊक नाही, याची त्यांना मनापासून खंत होती, आणि ती मला रास्त वाटते.

त्यांची वही आता माझ्याकडे आहे. तिच्यात यशाच्या नोंदी थोड्या आणि चुकांच्या अधिक आहेत, आणि चुका लिहिताना त्यांनी काहीही झाकलेले नाही. एका पानावर असे आहे की गोळी दारूपर्यंत न पोहोचता चार बोटे वरच अडली होती, हे त्यांना केप बसवल्यावर ध्यानात आले. मध्ये पोकळी राहिलेल्या अवस्थेत बार काढला असता तर नळी त्या जागी फुगली किंवा फुटली असती. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी गजावर करवतीने दोन बारीक खुणा केल्या. गज रिकाम्या नळीत सोडल्यावर नळीच्या तोंडाशी येते ती एक, आणि ठरलेले माप व गोळी नीट ठासल्यावर तोंडाशी येते ती दुसरी. आमच्यापैकी प्रत्येकाच्या गजावर या खुणा त्यांनी स्वतः पाडून दिल्या आहेत. माझ्या गजावरची खालची खूण किंचित तिरपी आहे, कारण त्या दिवशी त्यांचा हात थरथरत होता आणि तरीही मला करवत देण्यास त्यांनी नकार दिला.

गेल्या आठवड्यात त्यांच्या मुलीचा फोन आला. वारसाचा अर्ज निकाली निघेपर्यंत भाऊंची बंदूक ठाण्यात जमा आहे आणि तिला तेल लावायला तुम्ही याल का, असे तिने विचारले. ठाण्यात हवालदारांनी खिडकीजवळचे टेबल मोकळे करून दिले. मी आधी गज नळीत हळूच सोडला. तो बुडावर टेकला तेव्हा धातूचा स्वच्छ आवाज आला आणि रिकाम्या नळीची खूण बरोबर तोंडाशी येऊन थांबली. मग कोरडी चिंधी, तेलाची चिंधी, बोंडीच्या छिद्रातून एक पातळ तार, आणि दस्त्यावर भिरंडेलाचा हलका हात. हवालदारांनी सगळे शांतपणे पाहिले आणि भाऊंच्या नावासमोरच्या रकान्यात लिहिले: नळी रिकामी, तेल लावले.