सही कोणाची चालते?

इस्रायल-पॅलेस्टाईनचा विषय निघाला की "पण बोलायचं कोणाशी?" हा प्रश्न हमखास येतो. जुलै २००० मध्ये कॅम्प डेव्हिडची बोलणी फिसकटल्यावर इस्रायलचे तेव्हाचे पंतप्रधान एहुद बराक यांनी 'समोर कुणी भागीदारच नाही' असा सूर लावला, तो तिथल्या राजकारणात मुरला. मला प्रश्नच अर्धवट वाटतो. माणसं होती. पण ज्याच्या सहीला त्याच्या लोकांत किंमत, त्याच्याशी बोलायला बंदी. आणि ज्याच्याशी बोलायला हरकत नाही, त्याची सही कुणी मानणार नाही.

आपल्याला सोयीचा माणूस उभा करून पाहण्याचा प्रयोगही इस्रायलने केला. १९७६ च्या नगरपालिका निवडणुकांत इस्रायलच्या ताब्यातल्या वेस्ट बँकेत पीएलओच्या (पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेच्या) बाजूचे महापौर निवडून आले. त्यावर उतारा म्हणून हेब्रॉनकडे मुस्तफा दुदीन यांना पुढे करून ग्रामसंघ काढले, परवाने आणि पैसा त्यांच्या हातून फिरवला. लोकांनी त्यांना हस्तक ठरवलं. काही वर्षांत गाशा गुंडाळावा लागला.

३० ऑक्टोबर १९९१ ला अरब-इस्रायल शांततेसाठी माद्रिद परिषद भरली, तिथली इस्रायलच्या अटींची यादी तर बघण्यासारखी. पीएलओचा माणूस नको, पूर्व जेरुसलेमचा रहिवासी नको, स्वतंत्र शिष्टमंडळ नको, जॉर्डनच्या पंगतीत बसा. म्हणून गाझाचे डॉक्टर हैदर अब्देल-शफी पुढे, आणि जेरुसलेमचे फैसल हुसेनी सल्लागार म्हणून मागे. सूचना मात्र ट्युनिसहून, पीएलओचे प्रमुख अराफत यांच्याकडून येत. हे सगळ्यांना माहीत होतं! पुढे वॉशिंग्टनमधल्या बोलण्यांच्या फेऱ्या रेंगाळल्या यात नवल नाही. मालक दुसऱ्या गावात असल्यावर गुमास्ता काय सौदा करणार?

पीएलओशी संपर्क हा इस्रायलमध्ये १९८६ पासून गुन्हा होता. ती बंदी जानेवारी १९९३ मध्ये उठली आणि लगेचच, २० तारखेला, नॉर्वेतल्या सार्प्सबोर्गला पीएलओचे अबू अला इस्रायलच्या दोन प्राध्यापकांसमोर बसले. यायर हिर्शफेल्ड आणि रॉन पुंडाक यांच्याकडे सरकारी पद नव्हतं, म्हणजे गोष्ट फुटली तर सरकारला हात झटकता येत होते. अबू अलांच्या शब्दाला ट्युनिसमध्ये वजन आहे असं दिसल्यावर मे महिन्यात परराष्ट्र खात्याचे महासंचालक उरी सावीर आले, मागून वकील जोएल सिंगर. हा क्रम महत्त्वाचा: वकील आधी आला असता तर पहिली बैठकच कलमांवर अडली असती.

या बोलण्यांतून ओस्लो करार झाला; सहीआधी, ९ सप्टेंबरला दोन्ही बाजूंनी एकमेकांना दिलेल्या पत्रांत तोल दिसतो. अराफत यांनी इस्रायलचा शांततेत, सुरक्षित जगण्याचा हक्क मान्य केला, संयुक्त राष्ट्रांचे ठराव २४२ आणि ३३८ स्वीकारले, दहशतवाद सोडला. इस्रायलचे पंतप्रधान राबिन यांचं उत्तर त्रोटक: पीएलओ हा पॅलेस्टिनी जनतेचा प्रतिनिधी. राज्याचा उल्लेखही नाही. १३ तारखेला, सहीच्या दिवशीसुद्धा कराराच्या मसुद्यात 'पॅलेस्टिनी चमू' असंच होतं. अराफत अडून बसले तेव्हा तिथे 'पीएलओ' आलं. कंसातलं 'जॉर्डन-पॅलेस्टिनी शिष्टमंडळातील' मात्र तसंच राहिलं.

२००६ च्या पॅलेस्टिनी संसदेच्या निवडणुकीत पीएलओबाहेरच्या हमास या इस्लामी संघटनेला १३२ पैकी ७४ जागा मिळाल्या, २००७ मध्ये गाझा त्यांच्या ताब्यात गेलं, आणि जानेवारी २००५ मध्ये चार वर्षांसाठी निवडून आलेले पॅलेस्टिनी अध्यक्ष अब्बास यांना पुन्हा मतदारांपुढे जावंच लागलं नाही. त्यांची सही कुठवर चालेल ही शंका रास्तच.

पण १६ सप्टेंबर २००८ ला इस्रायलचे पंतप्रधान ओल्मर्ट यांनी अब्बास यांच्यापुढे भावी सीमांचा नकाशा ठेवला, तेव्हा ओल्मर्ट यांनीच राजीनामा जाहीर केलेला होता. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पक्षाने नवा नेता निवडला.