तुम्ही विचारलंत म्हणून : पोरगं त्याच कॉलेजात का गेलं?

डिसेंबरात अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या तिथल्या शाळकरी मुलांच्या कॉलेज-संघांशी सह्या झाल्या की हा प्रश्न हमखास येतो. इथले मराठी आईबाप विचारतात, आणि तिकडे पुण्या-मुंबईत शनिवारी रात्री जागून सामने बघणारेही विचारतात : त्या पोराला तीस कॉलेजांच्या ऑफर होत्या म्हणे, मग नेमका तिथेच का गेला? उत्तराची वाट न बघता पुढचं वाक्यही येतं : पैसे जास्त मिळाले असणार.

मिळाले असतीलही. पण आधी त्या तीस ऑफरींकडे बघू, कारण घोळ तिथूनच सुरू होतो.

ऑफर म्हणजे संघात जागा आणि स्कॉलरशिप देण्याची तयारी. बारावीच्या वर्षातल्या १ ऑगस्टपर्यंत ती नुसती तोंडी असते. त्याआधी कॉलेजला लेखी काही देता येत नाही, असा एनसीएएचा, म्हणजे कॉलेजांचे खेळ चालवणाऱ्या संघटनेचा, नियम आहे. कोचला मुलाला थेट मेसेज करता येतात ते अकरावीच्या १ सप्टेंबरपासून. तोवर निरोप शाळेच्या कोचमार्फत फिरतात. तरीही नववी-दहावीतली पोरं सोशल मीडियावर ऑफरी जाहीर करत असतात. देणाऱ्याचं त्यात काही जात नाही. वर्षाला वीस-पंचवीस शाळकरी मुलं घेणारं कॉलेज दीडदोनशे जणांना सहज ऑफर देऊन ठेवतं. त्यातल्या किती खऱ्या, हे ओळखायची परीक्षा सोपी आहे. मुलाने कोचला सरळ विचारायचं, 'मी आज हो म्हणालो तर आज घ्याल का?' उत्तर 'हो' आलं तर ऑफर खरी. 'जूनच्या कॅम्पला ये, मुख्य कोचला एकदा प्रत्यक्ष बघू दे' असं आलं तर ती ऑफर नाही, प्रतीक्षायादी आहे. शिवाय प्रत्येक पोझिशनचा कोटा असतो. यंदा दोन रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारे) घ्यायचे ठरले असतील आणि दोघांनी शब्द दिला असेल, तर तिसऱ्याची ऑफर कुणी न सांगताच मिटते. अशी गाळणी लागली की तिसांच्या चार-पाच उरतात. पोरगं निवडतं ते त्या चार-पाचांतून, आणि ते चार-पाच कोण हे बरंचसं कोचांनी ठरवलेलं असतं.

आता या चार-पाचांतून एक कसं ठरतं? कॉलेजचं नाव आणि रंग यांचा वाटा लोक समजतात त्याहून कमी असतो. मुलगा माणूस निवडतो आणि जागा निवडतो.

माणूस म्हणजे मुख्य कोच असेलच असं नाही. बहुतेक वेळा तो पोझिशन कोच, म्हणजे त्या एका पोझिशनच्या खेळाडूंना शिकवणारा सहायक, असतो, कारण आठवड्याला फोन करणारा, आजीच्या ऑपरेशनची चौकशी करणारा, शुक्रवारी रात्री शाळेच्या मैदानाच्या कठड्याशी उभा राहणारा तोच. याचं सगळ्यात ठळक उदाहरण मात्र मुख्य कोचचंच आहे. ट्रॅव्हिस हंटर हा २०२२च्या तुकडीतला देशातला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू मानला जात होता. फ्लोरिडा स्टेटला त्याने दीड वर्षाहून जास्त काळ शब्द दिलेला होता. १५ डिसेंबर २०२१ला, सह्यांच्या दिवशी, त्याने मिसिसिपीतल्या जॅक्सन स्टेटचं नाव घेतलं. हे कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेलं ऐतिहासिक विद्यापीठ, आणि खेळणार एनसीएएच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत वरच्या, विभागाच्या धाकट्या गटात! कारण एकच : तिथे कोच होते डिऑन सँडर्स, स्वतः कॉर्नरबॅक (बचावातला खेळाडू) म्हणून दिग्गज आणि चढाई-बचाव दोन्ही बाजूंनी खेळलेले. हंटरलाही चेंडू पकडायचाही होता आणि अडवायचाही. वर्षभरात सँडर्स कोलोरॅडोला गेले, पाठोपाठ हंटर गेला, २०२४ची हाइझमन ट्रॉफी (वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूची) जिंकला आणि २०२५च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघांच्या निवडीत, दुसरा निवडला गेला. त्या पोराने जॅक्सन स्टेट निवडलंच नव्हतं.

याची दुसरी बाजू अलाबामात दिसली. १० जानेवारी २०२४ला तिथल्या विद्यापीठाचे मुख्य कोच निक सेबन निवृत्त झाले. तेव्हाच्या नियमाप्रमाणे मुख्य कोच गेला की खेळाडूंना दुसरीकडे जायला ३० दिवसांची खिडकी उघडायची. सेफ्टी, म्हणजे बचावात मागे उभा राहणारा, केलेब डाउन्स ओहायो स्टेटला गेला, आणि त्याच महिन्यात अलाबामात दाखल झालेला क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चढाई चालवणारा, जूलियन सेयनही तिकडेच. सेयनने सही करून जेमतेम महिना झाला होता. सहायक कोच तर याहून चंचल. त्यांच्या बदल्या नेमक्या डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात होतात, म्हणजे मुलांच्या सह्या उरकल्यावर. म्हणून जाणते पालक कोचला 'तुम्ही राहणार ना?' असं विचारत नाहीत; त्याला सगळेच हो म्हणतात. ते विचारतात, 'तुमचा करार किती वर्षांचा उरलाय, आणि तुम्ही गेलात तर माझ्या मुलाच्या पोझिशनबद्दल दुसरं कोण बोलतं?' खोलीत दुसरं कुणी नसेल तर ऑफर एका माणसाच्या खांद्यावर उभी आहे.

जागेचा हिशेब जास्त रुक्ष, पण माझ्या मते निर्णायक तोच. समजा मुलगा क्वार्टरबॅक आहे. मैदानावर एका वेळी एकच क्वार्टरबॅक असतो आणि तो जखमी झाल्याशिवाय सहसा बदलत नाहीत. तेव्हा कॉलेजच्या संकेतस्थळावरची खेळाडूंची यादी उघडायची. पहिल्या क्रमांकाचा तिसऱ्या वर्षात : म्हणजे अजून एखादा हंगाम. त्याच्यामागे दुसऱ्या वर्षातला एक आणि गेल्या डिसेंबरात सही केलेला एक. पाच वर्षांत चार हंगाम खेळता येतात. एखाद्या वर्षी चारपर्यंतच सामने खेळले तर ते वर्ष हंगामात धरत नाहीत, त्याला रेडशर्ट म्हणतात. हे सगळं मांडलं की दिसतं, पोराची पाळी दुसऱ्या वर्षी येईल की चौथ्या. आर्च मॅनिंगने जून २०२२मध्ये टेक्सस निवडलं तेव्हा तिथे क्विन यूअर्स आधीच होता. दोन हंगाम तो मागे थांबला आणि २०२५ला पहिला क्वार्टरबॅक म्हणून उतरला. पण आजोबा आर्ची, काका पेटन आणि इलाय, सगळे एनएफएलचे नामवंत क्वार्टरबॅक, अशा घरातल्या मुलाला थांबणं परवडतं. बाकीच्यांना कुणी थांबू देईलच असं नाही.

कारण आता ट्रान्सफर पोर्टल आहे, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंनी नाव नोंदवायची यादी. हा पोर्टल २०१८ला सुरू झाला. २०२१पासून एकदा कॉलेज बदललं तर वर्षभर बाकावर बसावं लागत नाही, आणि २०२४पासून अभ्यासात नापास नसाल तर कितीही वेळा बदला. परिणाम असा की अठरा वर्षांच्या मुलाची स्पर्धा त्याच्या तुकडीशी राहिलेली नाही. ती आहे दुसऱ्या कॉलेजात तीन हंगाम खेळून आलेल्या बावीस वर्षांच्या गड्याशी. यादीत समोरची जागा रिकामी दिसते, मुलगा हुरळून सही करतो, आणि जानेवारीत पोर्टल उघडल्यावर त्याच जागेवर कोच अनुभवी माणूस आणून बसवतो. त्यामुळे यादी वाचून भागत नाही. गेल्या दोन वर्षांत या पोझिशनला शाळेतून किती घेतले आणि पोर्टलमधून किती, हे मोजावं लागतं. पोर्टलचा आकडा मोठा असेल तर 'तुला आम्ही घडवू' या वाक्याला फारसा अर्थ नाही.

लाइनमनची, म्हणजे पुढच्या फळीत धक्के घेणाऱ्या धिप्पाड गड्यांची, गोष्ट थोडी वेगळी. तिथे एकदम पाच जण खेळतात आणि अठराव्या वर्षी शरीर तयार नसतं, त्यामुळे एक-दोन वर्षं थांबणं सगळेच धरून चालतात. ही मुलं आणि त्यांचे बाप व्यायामशाळेचा प्रमुख कोण, हे बघतात. खरं तर सगळ्यांनीच बघावं; खेळाडू वर्षभरात पोझिशन कोचपेक्षा जास्त तास त्याच्या ताब्यात असतो.

भेटीचा शनिवार-रविवार या सगळ्यावर शिक्कामोर्तब करतो किंवा पाणी ओततो. अधिकृत भेट दोन रात्रींची, खर्च कॉलेजचा. मोठ्या कॉलेजांत या भेटींचा हंगाम हल्ली जूनमध्येच असतो, म्हणजे मुलगा ऐंशी हजारांचं स्टेडियम बघतो ते रिकामं. शुक्रवारी आगमन, मग पोझिशन कोचबरोबर व्हिडिओ : 'हा तू शाळेत असा वळतोस, आमच्याकडे तुला इथे उभं करणार.' शनिवारी अभ्यास-सल्लागार, आहारतज्ज्ञ, गणवेश घालून फोटो, रात्री मुख्य कोचच्या घरी जेवण. रविवारी सकाळी मुख्य कोचच्या खोलीत दार बंद करून विचारणा. पण खरी माहिती मिळते ती शनिवारी रात्री, मुलाला फिरवायला दिलेल्या सध्याच्या खेळाडूकडून. कोच घरी आला तेव्हासारखाच सरावातही बोलतो का, दुखापत झाली तर डॉक्टरचं ऐकतात की घाई करतात, कबूल केलेले पैसे वेळेवर येतात का, हे तोच सांगतो. यजमान खेळाडूने नुसते खांदे उडवले आणि त्या कॉलेजचं नाव यादीतून गेलं, असं सर्रास होतं.

इमारतींचं कौतुक मी करणार नाही. ऑरेगनने २०१३ला ६ कोटी ८० लाख डॉलरचं संकुल उभारलं, क्लेमसनने २०१७ला साडेपाच कोटींच्या इमारतीत घसरगुंडीही बसवली. तेव्हा त्याचा गवगवा झाला. आज वरच्या सगळ्यांकडेच सगळं आहे, त्यामुळे त्यावरून कुणी निवडत नाही.

अंतराला मात्र अजूनही वजन आहे. भेटीचा प्रवासखर्च कॉलेज करतं, पण नंतर हंगामातले सहा-सात घरचे सामने बघायला आईबापांनी जायचं ते स्वतःच्या खर्चाने. पाच तास गाडी चालवून जाता येतं की विमान लागतं, हा प्रश्न स्वयंपाकघरातल्या टेबलावर निघतोच, आणि तो बहुधा आई काढते.

आता पैसा. जुलै २०२१पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमाई करायची मुभा मिळाली. खेळाडूंनी एनसीएएवर लावलेल्या दाव्यात ६ जून २०२५ला न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर, १ जुलैपासून कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षाची मर्यादा सगळे खेळ मिळून कॉलेजमागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. त्यातला सगळ्यात मोठा वाटा फुटबॉलचा. मिशिगन राज्यातल्या बेलव्हिलचा क्वार्टरबॅक ब्राइस अंडरवुड लुइझियाना स्टेटला दिलेला शब्द फिरवून नोव्हेंबर २०२४मध्ये मिशिगन विद्यापीठाकडे वळला, तेव्हा बातम्यांत एक कोटी डॉलरच्या वरचे आकडे होते. पण बेलव्हिलहून हे विद्यापीठ जिथे आहे ते अ‍ॅन आर्बर अर्ध्या तासावर आहे. पैशाने वळवलं की घराने, हे वेगळं काढता येणार नाही. माझं मत असं : अगदी वरचे क्वार्टरबॅक सोडले, तर पैसा शेवटच्या दोन कॉलेजांमधली निवड करतो. ते दोन कोण, हे आधी माणूस आणि जागा यांनी ठरवलेलं असतं.

आणि आकडा म्हणजे हातातले पैसे नव्हेत. क्वार्टरबॅक जेडन रशाडाचं नाव यासाठी सगळ्यांच्या तोंडी असतं. डिसेंबर २०२२ला त्याने फ्लोरिडाशी सही केली. बातम्यांतला करार सुमारे १ कोटी ३८ लाख डॉलरचा. तो करार बारगळला, जानेवारीत मुलगा मोकळा झाला, अ‍ॅरिझोना स्टेटला गेला आणि २०२४ला प्रकरण कोर्टात पोचलं. तेव्हा सही करण्याआधी वकिलाकडून चार कलमं वाचून घ्यावीत : पैसे दरमहा की टप्प्याने, दुखापत झाली तर काय, कोच गेला तर काय, आणि मुलगा सोडून गेला तर परत किती द्यायचे. यातून कर आपोआप कापला जात नाही, तो दर तिमाहीला स्वतः भरायचा असतो. पहिल्या वर्षी पोरं इथेच आपटतात. टेक्सस, फ्लोरिडा आणि टेनेसीत राज्याचा आयकर नाही, हे तिथले कोच सांगायला विसरत नाहीत.

अभ्यासाचं मराठी घरांत आधी विचारतात. पहिल्या विभागात खेळायला शाळेतले १६ ठरावीक विषय आणि त्यांत किमान २.३ (चारपैकी) सरासरी लागते, हे किमान झालं. त्यापुढे एकच गोष्ट तपासा : मुलाला हवा तो अभ्यासक्रम सरावाच्या वेळेत बसतो का. इंजिनिअरिंगच्या प्रयोगशाळा दुपारी असतात आणि बऱ्याच ठिकाणी सरावही दुपारी. भेटीत सल्लागाराला विचारा की सध्याच्या संघातले किती जण इंजिनिअरिंग करतायत. 'पूर्वी एक होता' हे उत्तर पुरेसं बोलकं आहे.

क्रमवारी लावणाऱ्या संकेतस्थळांकडून ज्या मुलांना एकही तारा मिळालेला नाही, त्यांच्यासमोरचा पेच निराळाच आहे, आणि मला येणारे निम्मे प्रश्न त्यांच्याच घरचे असतात : मोठ्या कॉलेजात वॉक-ऑन म्हणून जावं की धाकट्या गटात अर्धी स्कॉलरशिप घ्यावी? वॉक-ऑन म्हणजे संघात जागा, पण पैसे नाहीत. परराज्यातलं कॉलेज असेल तर फीही परराज्याची. पूर्वी संघात सव्वाशेच्या आसपास मुलं असायची, ८५ स्कॉलरशिपवर आणि बाकीची अशी. तडजोड स्वीकारलेल्या कॉलेजांत आता स्कॉलरशिपवर मर्यादा नाही, पण संघच १०५चा झालाय. कापले गेले ते मुख्यतः वॉक-ऑन. तेव्हा कोच म्हणाला, 'तुला जागा आहे,' की विचारायचं : हंगाम सुरू होताना त्या १०५मध्ये आहे का, आणि हे ई-मेलवर लिहून द्याल का? ई-मेल आला नाही तर अर्धी स्कॉलरशिप घ्यावी.