चौकशी कुणाकडे केली होती?

निकाल ऐकायला आत जागा मोजक्याच होत्या. करोनाचे दिवस. त्यामुळे १३ जानेवारी २०२२ ला, उजाडायच्या आधीच, जर्मनीतल्या कोब्लेंझच्या न्यायालयाबाहेर रांग लागली होती. पत्रकार होते, सीरियातून आलेले निर्वासित होते, आणि बेपत्ता माणसांचे फोटो हातात धरून उभ्या असलेल्या बायका होत्या. त्यातल्या एका बाईंसोबत मी होते. मी तेव्हा बर्लिनमध्ये एका मानवाधिकार वकिलांच्या हाताखाली काम करत होते. वकिली पुण्यात शिकलेली, जर्मन कामापुरतं, अरबी शून्य. आमच्या दोघींच्या मध्ये एक तरुण दुभाषा.

आरोपी अन्वर रस्लान हा सीरियाच्या गुप्तचर खात्यातला कर्नल. दमास्कसमधल्या ‘शाखा २५१’, म्हणजे अल-खतीब तुरुंगातल्या चौकशी विभागाचा प्रमुख. २०१२ च्या अखेरीस त्याने देश सोडला, २०१४ मध्ये जर्मनीत आला, आणि २०१५ मध्ये हा गृहस्थ आपण होऊन बर्लिनच्या पोलिसांकडे गेला. सीरियाचे हेर माझ्या मागावर आहेत, अशी त्याची तक्रार! जुनी नोकरीही त्याने लपवली नाही. कुणी अशी कथा लिहिली असती तर संपादकाने ‘पटत नाही’ म्हणून परत पाठवली असती. २०१९ मध्ये त्याला अटक झाली. मानवतेविरुद्धचे गुन्हे जगात कुठेही घडले तरी त्यांचे खटले जर्मनीत चालवता येतात, असा तिथला २००२ पासूनचा कायदा आहे.

बाईंच्या मुलाला २०१२ मध्ये दमास्कसच्या एका नाक्यावरून उचललं होतं. पुढे काहीच कळलं नाही. ‘सीझर’ या टोपणनावाच्या लष्करी छायाचित्रकाराने देशाबाहेर आणलेले कोठडीतल्या मृतांचे फोटो त्यांनी पाहिले होते. साडेसहा हजारांवर मृतदेह. त्यांत तो नव्हता, किंवा ओळखू येत नव्हता.

माणसाला उचलायचं आणि मग तो आमच्याकडे नाहीच म्हणायचं, हा मानवतेविरुद्धचा स्वतंत्र गुन्हा आहे. तोही या खटल्यात धरावा, असा अर्ज पीडितांच्या वकिलांनी जुलै २०२१ मध्ये केला होता. गाडं अडत होतं जर्मन कायद्याच्या एका अटीवर: कुणीतरी त्या माणसाची चौकशी केली आणि तरीही माहिती दिली गेली नाही, हे दाखवावं लागे. (ही अट २०२४ मध्ये काढून टाकली. तेव्हा ती होती.) म्हणून जबाब घेताना मी बाईंना विचारलं होतं, ‘तुम्ही चौकशी कुणाकडे केली होती?’

त्यांनी दुभाष्याकडे पाहिलं. त्याचं काहीतरी चुकलं असावं असं त्यांना वाटलं.

‘त्यांच्या दारात जाऊन विचारू? घरात दुसरा मुलगा होता माझा.’

हेबियस कॉर्पस आम्ही कॉलेजात पाठ केलेलं. नातेवाईक अर्ज करतो, न्यायालय सरकारला म्हणतं, माणूस हजर करा. ज्या देशात अर्ज करणाराच दुसऱ्या दिवशी गायब होतो तिथे काय, हा प्रश्न पेपरात कधी आला नव्हता. आणि आपणही फुशारकी मारायला नको: सक्तीने बेपत्ता करण्याविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने २००७ मध्ये सही केली, अनुमोदन अजून दिलेलं नाही.

पुढे बोलता बोलता बाई म्हणाल्या, बांगड्या विकून एका दलालाला पैसे दिले होते, मुलगा कुठे आहे एवढंच कळावं म्हणून. तो पैसे घेऊन परत दिसला नाही. दलालाला विचारणं म्हणजे सरकारकडे चौकशी करणं धरायचं का, यावर ऑफिसात जोरदार वाद झाला. मी ‘धरायचं’वाल्या बाजूने होते.

त्या दिवशी न्यायाधीश आन्ने केर्बर यांनी निकाल वाचायला सुरुवात केली. रस्लानला जन्मठेप. किमान ४,००० बंदिवानांचा छळ, २७ खून, बलात्कार, मानवतेविरुद्धचे गुन्हे. त्याने स्वतः मारल्याचं सिद्ध करायची गरज नव्हती. यंत्रणा त्याच्या हाताखाली चालत होती, तेवढं पुरेसं होतं. १०८ दिवसांची सुनावणी, ८० हून जास्त साक्षीदार. लोक एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होते. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, नाकारत नाही.

पण बेपत्ता करण्याचा गुन्हा निकालात नव्हता. आरोपपत्रात खून ५८ होते, ते २७ वर आले. पुराव्याने टिकले तेवढेच. वकील म्हणून मला यात गैर काही दिसत नाही. कोर्टाने संशयावर आकडा फुगवला असता, तर अल-खतीबमध्ये आणि कोब्लेंझमध्ये फरक काय राहिला असता?

बाहेर आल्यावर बाईंनी विचारलं, ‘माझा मुलगा त्या २७ मध्ये आहे का?’

माझे वरिष्ठ घुमवून बोलत नाहीत. ‘नाही,’ ते म्हणाले. ‘तो शाखा २५१ मध्ये होता याचाच पुरावा आपल्याकडे नाही.’

दुभाष्याने सांगितलं. बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग विचारलं, ‘दलालाचं नाव लिहून घेतलंत का तुम्ही?’

नाव लिहिलेलं होतं. पण त्याला पैसे दिले तेव्हा शेजारची एक बाई तिथे होती, हे त्या आज पहिल्यांदाच सांगत होत्या. ती आता स्वीडनमध्ये राहते. स्टेशनवरच्या कॅफेत बसून आम्ही पुरवणी जबाब लिहायला घेतला. बर्लिनच्या गाडीला दीड तास होता.